गिरमिट घेताना साहेब काय म्हणाला

रेहान आणि सना,

जे लिहायला बसले आहे ते तुमच्या नानांना ठाऊक नव्हतं. तुमच्या आईलाही नाही. नमाज झाल्यावर हात वर करून बसते, तेव्हासुद्धा मी त्याच्या कडेकडेनेच जाते — नेमकं तिथवर आले की दुसऱ्याच कुणासाठी काहीतरी मागायला लागते. अल्लाला सगळं माहीत असतं म्हणतात. असेल. पण मी माझ्या तोंडाने सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

मला सगळं क्रमाने सांगायची सवय. तुमची आई हसते मला — मसाल्याच्या डब्यांवर नावं, औषधांवर नावं, चादरींच्या घड्यासुद्धा एका मापाच्या. म्हणून हेही क्रमाने लिहायचं ठरवलं होतं. तीनदा सुरुवात केली आणि तीनदा कागद फाडला. क्रम लावला की सगळं फार स्वच्छ दिसायला लागतं. ते तसं नव्हतं.

मागच्या जुम्म्याला, रेहान, तू फोनवर मला दोन यंत्रं दाखवलीस. तुमच्याकडे तळं गोठतं, माणसं त्या बर्फावर तंबू ठोकून बसतात आणि बर्फाला भोक पाडून मासे धरतात — हे मला आधी खरंच वाटेना. तुझ्या आईने शपथ घातली तेव्हा पटलं. भोक पाडायचं तर गिरमिट हवं. एक पेट्रोलवर चालणारं, एक बॅटरीवर. "विच वन, नानी? यू आर द एक्स्पर्ट!" तू म्हणालास. आणि मग, "डोन्ट वरी, आय वोन्ट डू अ याकूब."

सना हसली. तुमची आई हसली. मीही हसले ना? तुम्ही पाहिलंत मला हसताना.

आपल्या घरात कुणाच्या हातून कपबशी फुटली, कुणी गाडी भिंतीला घासली, कुणाचं दूध उतू गेलं, की म्हणायचं — याकूब केलास. तुम्ही ते इंग्रजीत नेलंत. ज्याच्या नावाचा हा शब्द झाला त्याला तुम्ही कधी पाहिलं नाही. तुमच्यासाठी तो एक गमतीदार चाचा आहे, ज्याने गिरमिट नीट धरलं नाही आणि स्वतःचा हात मोडून घेतला. ही गोष्ट तुम्हाला आईने सांगितली. आईला मी सांगितली.

मी सांगितली. इथूनच मला अडखळायला होतं.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, मला कळतं. आईकडून वाचून घ्याल. पण जे बिघडलं ते मी इंग्रजीतून मराठीत आणताना बिघडवलं. म्हणून ते मराठीतच सांगायला हवं — ज्या भाषेत तो ऐकत होता त्या भाषेत.

तेव्हा यूएई नावाचा देश नव्हता. आज जुमेरा लेक टॉवर्समध्ये मी ज्या खिडकीशी बसून हे लिहिते आहे, तिथं नुसती वाळू होती. साठच्या दशकातली दुबई म्हणजे खाडी, खाडीच्या दोन बाजूंना दोन वस्त्या, आणि पलीकडे जायला आब्रा, म्हणजे छोटी होडी. व्यवहार रुपयांत चालायचा. आम्ही बर दुबईत खजुरीच्या झावळ्यांच्या घरात राहायचो. तुमचे नाना खाडीवरच्या एका पेढीत कारकून होते. मी नवी नवरी, रत्नागिरीहून आगबोटीने आलेली, बी. ए. झालेली. इंग्रजी घेऊन बी. ए. — आमच्या जमातीत तेव्हा अशी मुलगी शोधून सापडली नसती. आसपासच्या घरांतली माणसं इंग्रजी कागद घेऊन माझ्या दारात यायची. मी वाचायची, समजावून सांगायची, आणि ती दुआ देऊन जायची. त्या दुआंची चटक लागते. तुम्हाला हे कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते — लागते.

याकूब म्हणजे नानांचा धाकटा भाऊ, माझा दीर. वयाने माझ्याएवढाच. गावी समुद्रात डोलीच्या जाळ्यावर मासेमारी केलेला, खांदे असे की दारातून आडवा होऊन आत यायचा. शाळेत दोन वर्षं गेला असेल. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. मला "मडम भाबी" म्हणायचा. "मडम भाबी, चहा मिळेल की आधी अर्ज करू?" — असं. आमच्याच घरात झोपायचा, जेवायचा. मला तो आवडायचा का? हो. आणि त्याच्या त्या मडमचा मला रागही यायचा. दोन्ही.

खलफान नावाचा एक अरब होता, आम्ही त्याला अरबाब म्हणायचो, म्हणजे मालक. जुमेऱ्याच्याही पलीकडे किनाऱ्याचा एक तुकडा त्याच्या घराण्याकडे होता. तिथं तो हद्रा उभारायचा. हद्रा म्हणजे मासे धरायचं कुंपण. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूत मेढी रोवायच्या, त्यांना खजुरीच्या काड्यांची चटई बांधायची. भरतीबरोबर मासे आत येतात, पाणी उतरलं की आतच अडकतात. अरबाबने जागा द्यायची, नानांनी आणि याकूबने मेहनत, आणि मासळीत वाटा — असं ठरलं होतं. नानांना कारकुनीतून सुटायचं होतं. याकूबचं गावी लग्न ठरलं होतं. मुलीच्या बापाला जावयाचं स्वतःचं काहीतरी बघायचं होतं.

पण त्या किनाऱ्यावर वाळू थोडीच. खाली शिंपल्यांचा जमून दगड झालेला थर. मेढी खोल जायच्या नाहीत. आदल्या वर्षी उत्तरेचा वारा सुटला तेव्हा सगळं कुंपण उपटून समुद्रात गेलं. अरबाबने कुठंतरी तेल शोधणाऱ्या लोकांकडे इंजिनाचं गिरमिट पाहिलं होतं. "दो मिनट में गड्ढा," तो म्हणायचा, "खलास!" तेच घ्यायचं ठरलं.

खाडीपलीकडच्या देऱ्यातल्या एका दुकानातून चित्रांचं पुस्तक आलं आणि अर्थातच माझ्या हातात आलं. त्यात दोन गिरमिटं होती. एक एका माणसाने धरायचं, हलकं. दुसरं दोघांनी धरायचं, जड, लाल रंगाचं. आमच्या अंगणात अरबाब, नाना, याकूब बसलेले, मी उंबऱ्यात. मी म्हणाले, हलकं घ्या. का म्हणाले? माझ्याकडे कारण नव्हतं. हलकं दुकानात तयार होतं, जड मागवावं लागणार होतं, इतकंच त्यात कळत होतं. जमिनीबद्दल त्या पुस्तकात एक अक्षर नव्हतं आणि मला तरी जमिनीतलं काय कळत होतं? पण विचारल्यावर "माहीत नाही" म्हणायची मला सवय उरली नव्हती.

याकूब चित्रावर वाकला. "हे? हे तर पोराचा खुळखुळा हाय, भाबी! हे लाल बघा. याला म्हणायचं मशीन."

"तुला रंग आवडला," मी म्हणाले.

"आवडला तर! मोठं ते मोठं."

आणि मी म्हणाले — हे मला शब्दन् शब्द आठवतं — "वाचता येत नाही त्याने चित्रंच बघावीत."

अरबाब हसला. नाना हसले. याकूबही हसला, पण त्याचे कान लाल झाले. मग मांडीवर थाप मारून म्हणाला, "ठीक. मडम राहू दे, मी राहू दे. दुकानातल्या साहेबाला विचारू. साहेब बोलेल ते खरं. साहेब माझ्या बाजूने बोलला तर भाबींनी आठ दिवस मला याकूबसाहेब म्हणायचं."

"आणि माझ्या बाजूने बोलला तर?"

"तर मी परत कधी मडम नाय म्हणणार."

मुलांनो, तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पैजेवर? हो. एवढ्याशाच. मला मोठं कारण सापडलं असतं तर मी आजवर कुणाला तरी सांगून मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही आब्राने खाडी ओलांडली. नानांना पेढीतून सुट्टी नव्हती. याकूब, अरबाब आणि मी. दुकानात तेलाचा वास, भिंतीपर्यंत इंजिनं. विकणारा इंग्रज होता, उन्हाने मान भाजलेला, गंभीर. मी बोलायला लागले तसा तो उभा राहिला. तुमचं इंग्रजी फार सुंदर आहे, म्हणाला. मी किती खूश झाले, सांगू? अजून आठवतं, ही त्यातली वाईट गोष्ट आहे. अजूनही तेवढं आठवलं की आधी बरं वाटतं.

त्याने विचारलं, जमीन कशी आहे? मी सांगितलं — वर वाळू, खाली दगडासारखा थर. त्याने हलक्या गिरमिटाचं पातं उचललं, अंगठ्याने दाबून पाहिलं आणि मान हलवली. तो काय म्हणाला ते मी आता लिहिते. साठ वर्षांत पहिल्यांदा.

तो म्हणाला, हे बागेसाठी आहे. मऊ मातीसाठी. खाली कठीण थर असेल तर पातं त्यात अडकतं, आणि पातं अडकलं की इंजिन थांबत नाही, मग धरलेला माणूस फिरतो. म्हणाला, तसं झालं तर एकच करायचं, सोडून द्यायचं. धरून ठेवायचं नाही. त्याने हवेत मूठ धरून मनगट झटक्याने पिळून दाखवलं, खांद्यापर्यंत. म्हणाला, दोघांचं घ्या, त्यात अडकल्यावर आपोआप सुटायची सोय आहे. पुढच्या बोटीने येईल. थांबा.

सगळं मला कळलं. एकही शब्द अवघड नव्हता. मला कळलं नाही असं मी स्वतःला कित्येक वर्षं समजावत आले, पण ते खोटं आहे.

याकूब माझ्या तोंडाकडे बघत होता. डोळ्यांत हसू, जिंकल्यासारखं आधीच. "काय बोलतो? हात असा का फिरवतो, भाबी?"

आणि मी म्हणाले, "चालू कसं करायचं ते दाखवतोय."

"आणि? मोठं की बारकं?"

"बारकं पुरे म्हणतो. घट्ट धरलं की काही होत नाही म्हणतो."

एवढंच. श्वास घ्यायला लागतो तेवढ्या वेळात झालं. मग मी त्या साहेबाकडे वळून माझ्या सुंदर इंग्रजीत सांगितलं की ही माणसं अनुभवी आहेत, त्यांना हलकंच हवं आहे. त्याने एकदा याकूबकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आपण नीट सांगितलंत ना त्यांना? त्याने विचारलं. अर्थात, मी म्हणाले. मग त्याने खांदे उडवले.

परत येताना आब्रात याकूबने गिरमिट मांडीवर घेतलं होतं, पोर घेतात तसं. "हरलो, भाबी," म्हणाला. "आता मडम बंद."

आणि खरंच बंद केलं त्याने. त्यानंतर त्याने मला फक्त भाबी म्हटलं. मरेपर्यंत.

अजून वेळ होता, हे तुम्हाला कळतंय ना? त्या आब्रात वेळ होता. घरी गेल्यावर, भाकऱ्या करताना वेळ होता. ओहोटीची वेळ साधून किनाऱ्यावर जायचं होतं त्यासाठी तीन-चार दिवस थांबलो, तेव्हा वेळ होता. मी स्वतःशी म्हणत राहिले — इंग्रज सगळ्याच गोष्टींना भितात. विकायचं जड होतं म्हणून तसं बोलला असेल. थर तेवढा कठीण नसेलही.

पहिल्या मेढी बघायला आम्ही सगळे अरबाबच्या जीपमधून गेलो. सकाळची वेळ, पाणी पार लांब गेलेलं, ओली वाळू चमकत होती. मी डब्यात भात आणि तळलेले सुरमईचे तुकडे नेले होते. याकूबने दोरी ओढली, इंजिन सुरू झालं, पातं वाळूत घुसलं. पहिला खड्डा सुंदर झाला. दुसराही. तो तर नाचायलाच लागला. "भाबी! तुमचा खुळखुळा बघा! साहेब खरा, तुम्ही खऱ्या, मी गाढव!" नाना टाळ्या वाजवत होते. अरबाब म्हणत होता, "यल्ला, हबीबी, यल्ला!"

पुढच्या खड्ड्याला पातं खाली गेलं आणि आवाज बदलला.

कुणीही माणूस काय करतो? हातातलं काही हिसकावलं गेलं तर सोडतो. याकूबने सोडलं नाही. घट्ट धरलं. तो दोन्ही हातांनी, सगळ्या खांद्याने घट्ट धरून राहिला, कारण घट्ट धरलं की काही होत नाही असं साहेबाने सांगितलं होतं. मी त्याचं तोंड पाहिलं — दात आवळलेले, डोळे माझ्याकडे. ओरडून विचारत होता, "धरू ना, भाबी? धरू?"

मी काही बोलले नाही. सोड म्हणायला एक शब्द लागतो. तो शब्द उच्चारला असता तर मला तो आधीपासून माहीत होता हे सगळ्यांना कळलं असतं. असं मी त्या क्षणी खरंच ठरवलं का? माहीत नाही. तोंड उघडलं नाही, एवढं माहीत आहे.

यंत्राने त्याला उचलून फिरवलं. उजवा हात कोपरातून आणि खांद्यातून, दोन्हीकडे. अरबाबने धावत जाऊन इंजिन बंद केलं. मग ते सगळं तांबडं आणि ओलं, आणि मागून भरती चढत होती.

दवाखान्यात हात वाचला, म्हणजे शरीराला लागून राहिला. त्यात पुन्हा ताकद आली नाही. बोटं वळायची, मुठीत काही राहायचं नाही.

नाना रागाने पेटले होते. जाऊन त्या साहेबाला जाब विचारतो, म्हणाले. मी आडवी आले. म्हणाले, त्या परक्या माणसाचा काय दोष? त्याने घट्ट धरा म्हणून बजावलं होतं. याकूबचं लक्ष नव्हतं, तो हसत होता, नाचत होता. हे तुम्हीही पाहिलंत. नाना परत खाली बसले. अरबाबने मान डोलावली, "भाबी इन्साफ की बात करती है." माझ्या न्यायीपणाची त्या गल्लीत तारीफ झाली.

आणि याकूब? खाटेवर पडल्या पडल्या त्याने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता विचारेल. तो म्हणाला, "भाबी, माफ करा. तुम्ही एवढं समजावून घेतलं आणि मी मशीन मोडून ठेवलं. माझाच हात सैल पडला असणार."

मी म्हणाले, जाऊ दे.

'जाऊ दे' म्हणाले मी त्याला. माफ केल्यासारखं.

त्याला गावच्या आगबोटीवर चढवायला आम्ही खाडीपर्यंत गेलो. लहान होडी बोटीकडे न्यायला आली होती. गळ्यात बांधलेला हात डाव्या हाताने सांभाळत तो थांबला आणि म्हणाला, "एक राहिलं, भाबी. मशीन तर दोरी ओढून चालू व्हायचं. मग साहेब हात पिळून काय दाखवत होता?"

सहज विचारलं त्याने. संशय नव्हता. निदान माझ्यापर्यंत आला नाही.

"दुसऱ्या यंत्राचं दाखवत असेल," मी म्हणाले.

"हां. तेच म्हणतो मी," तो म्हणाला आणि होडीत उतरला. त्याला उतरायला दोघांनी धरावं लागलं.

लग्न मोडलं. मुलीच्या बापाने निरोप पाठवला की मुलगा हलगर्जी निघाला. लुळा असं तो म्हणाला नाही, हलगर्जी म्हणाला — म्हणजे तो शब्द दुबईहून गावात त्याच्या आधी पोचला होता. पुढे पुष्कळ उशिरा एका विधवेशी त्याचा निकाह झाला, एक मुलगा झाला. समुद्रावर तो परत गेला नाही. धक्क्यावर बसून दुसऱ्यांची जाळी डाव्या हाताने आणि दातांनी शिवायचा. मी सुट्टीत गावी जायची तेव्हा माझ्या पुढ्यात तो मुलांना गोष्ट सांगायचा, हसवून हसवून — "साहेब बोलला घट्ट धर, भाबी बोलल्या घट्ट धर, आणि तुमचा हा चाचा काय करतो? नाचतो!" मुलं लोळायची. तीच गोष्ट, तोच हशा. 'याकूब केलास' तिथूनच निघालं असावं. त्याने स्वतःच ते हौसेने चालवलं. लोक आपल्याला हसतात त्यापेक्षा आपणच आधी हसावं, असं त्याला वाटत असेल का? मी कधी विचारलं नाही.

आणि तरी हे सगळ्यात वाईट नाही. मला वाटलं होतं इथं थांबता येईल.

त्याचा मुलगा मोठा झाला, सलीम त्याचं नाव. तोवर देश झाला होता, दिरहम आले होते, जबल अलीचं बंदर उभं राहिलं होतं. तुमच्या नानांची तिथं ओळख होती. सलीमला क्रेनवर शिकाऊ म्हणून घेतील का, असं याकूबने विचारून पाठवलं. क्रेन शिकलेला माणूस जन्मभर उपाशी मरत नाही. जेवताना नाना म्हणाले, "याकूबचा पोरगा. यंत्रावर द्यायचा का? हात बापावर गेला असेल तर?" आणि माझ्याकडे पाहिलं. घरातले असले निवाडे माझ्याकडेच यायचे.

मला फक्त म्हणायचं होतं, द्या. कारणसुद्धा द्यावं लागलं नसतं.

मी म्हणाले, "जोखीम कशाला? गोदामात लावा."

का? आजही नीट सांगता येत नाही. पोरगा यंत्रावर चांगला निघाला असता तर बापाबद्दल कुणीतरी पुन्हा विचार केला असता, असं वाटलं असेल. की नुसती सवय झाली होती? सलीमने गोदामात खोकी उचलली, कंपनीच्या बसने मजुरांच्या कॅम्पात परतला, पाठ गेली तशी गावी गेला. त्याच्या बापाने मला सलाम पाठवला होता: भाबींनी ठीक केलं, आमच्या घराण्यात यंत्राचा हातच नाही.

तो स्वतःबद्दल तेच मानून गेला. मुलालाही तेच शिकवून गेला.

याकूब वारला तेव्हा नाना आधीच गेले होते. अरबाब तर कधीचाच गेला होता. तो साहेब कुठल्या कुठे, जिवंत असेल असंही वाटत नाही. एकेकाळी तो परत भेटू नये अशी मी दुआ मागितलेली आहे — हेही सांगून टाकते. मी एकटी विमानाने मुंबईला आणि तिथून गावी गेले. जियारतीला, मयताच्या फातिहाला, घर भरलं होतं. कुराण वाचून झालं, चहा फिरला, आणि माणसं त्याच्याबद्दल बोलायला लागली, मायेने बोलतात तशी. कुणीतरी म्हणालं, एवढा हसरा माणूस, एका क्षणाच्या हलगर्जीने आयुष्य गेलं. सलीमची मुलं माझ्या पायाशी बसली होती. सगळ्यात मोठी मुलगी, सनाएवढी असेल, मला म्हणाली, "बडी दादी, आजा नेहमी सांगायचे की तुम्ही तिथं होता. साहेब काय म्हणाला होता? तुम्हीच सांगा."

सगळी माझ्याकडे वळली. सलीम दारात उभा होता, पाठीला हात लावून. तेव्हा तिथं होते त्यांतली आता फक्त मीच उरले होते. मी खरं सांगितलं असतं तर मला कुणी खोटं ठरवू शकलं नसतं, आणि मरणाच्या घरी कुणी मला मारायलाही उठलं नसतं. याकूबचं नाव त्या खोलीत, त्याच्या मुलासमोर आणि नातवंडांसमोर, एका वाक्यात धुऊन निघालं असतं.

मी पदर सावरला. त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. आणि म्हणाले, "साहेब म्हणाला होता, बेटा — घट्ट धर, म्हणजे काही होणार नाही."